टोळ-वटवट्याची हजेरी

"आज पक्षी ऐकू आला नाही, तर गेलं तुझं अभयारण्य," बूट चढवता चढवता सित्स्के म्हणाली. "तेव्हा तोंड बंद, आणि लक्ष माझ्या हाताकडे."

विबेला ते वेगळं सांगायला नको होतं. नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडच्या या पाणथळ बोरूच्या रानात चाळीस वर्षं पक्षी मोजायचं काम त्याचं. त्यातला टोळ-वटवट्या सगळ्यांत दुर्मीळ. मेला दिसत नाही कधी, नुसता ऐकू येतो, लांब कुठंतरी शिवणयंत्र चालावं तशी बारीक किर्रर्र. आणि नेमका तोच बारीक आवाज विबेला दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हता. गणती करणाऱ्या संघटनेला कुणकुण लागली, आणि आज त्यांचा ऊने नावाचा माणूस परीक्षा घ्यायला येणार होता.

नवराबायकोचं ठरलं होतं. सित्स्केचे कान तिखट. पक्षी गायला की तिनं विबेचं कोपर दाबायचं.

ऊने पहाटेच हजर झाला. साठी उलटलेला, अबोल माणूस.

"कॉफी घेणार?" सित्स्केनं विचारलं. तो बोरूकडे बघत राहिला. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा दचकून म्हणाला, "हो, हो. द्या की."

दवानं निसरड्या झालेल्या फळ्यांच्या पायवाटेवरून तिघं निघाली. तास गेला. वारा आणि बदकं, दुसरं काही नाही. विबेनं घड्याळ पाहिलं. हे रान हातचं गेलं, तर सकाळी उठायचं तरी कशाला?

तेवढ्यात सित्स्केनं त्याचं कोपर गच्च दाबलं.

"शू!" विबेनं हात वर केला. "तिथं! वाळुंजाच्या झाडाच्या डावीकडे."

ऊने थबकला. त्यानं वाळुंजाकडे नाही, विबेच्या तोंडाकडे पाहिलं. मग डोळे मिटून मान डोलावली.

"वा! आणि एक नाही हो, दोन आहेत. दुसरा जरा मागं. येतोय ना ऐकू?"

"येतोय की!" विबे घाईनं म्हणाला. सित्स्केनं चमकून दोघांकडे पाहिलं.

ऊनेनं वहीत दोन पक्षी मांडले, खाली सही ठोकली आणि मोठा सुस्कारा सोडला. "कान शाबूत आहेत तुमचे. पुढच्या वर्षीही तुम्हीच!"

घरी जाताना विबेचे पाय जमिनीवर नव्हते. "सुटलो बाई! तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. पण काय गं, दोन होते, तर एकदाच का दाबलंस?"

"कसले दोन?" सित्स्के म्हणाली. "अरे, माझा पाय घसरला म्हणून धरलं तुला. पक्षी एकसुद्धा गायला नाही."