बारा शब्द

"तीन चूक, मग एक बरोबर. असं करत जा," बो टॅकेट तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "सगळंच चुकलास तर मिस पेटवेला वास लागेल."

जेरल रफिनने मान डोलावली. सकाळचा सराव संपून तास झाला होता, तरी हेल्मेटचा वळ अजून त्याच्या कपाळावर होता. अलाबामातला ऑगस्ट, खानावळीतले पंखे गरम हवाच फिरवत होते.

"परीक्षा किती वाजता म्हणालास?"

"दोन वाजता! तिसऱ्यांदा सांगतोय, भावा. उन्हानं कान वितळले का तुझे?"

अमेरिकन फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधी कॉलेजच्या प्रत्येक खेळाडूला ही परीक्षा संगणकावर द्यावीच लागे. बारा शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, लाल रंग दिसला की कळ दाबायची. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले तर बाकावर बसायचं. म्हणून संघातली काही पोरं पहिल्याच वेळी मुद्दाम चुकायची. आधीच तळाला असलं की घसरायला जागा उरत नाही.

जेरलचं हे शेवटचं वर्ष. समोरून चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला अंगावर झेपावून आडवं करायचं, हे त्याचं काम. यंदा त्याला बघायला व्यावसायिक संघांची माणसं येणार होती. एक सामना बुडाला तरी ती दुसऱ्या कुणाकडे वळली असती.

ताट ठेवायला तो उठला, तेवढ्यात आईचा फोन आला. ती कोंबड्यांच्या कारखान्यातून बोलत होती. मागे यंत्रांचा खडखडाट.

"रॉयसमामा सकाळी परत हरवला रे. शाळेच्या मैदानावर सापडला. अनवाणी. मला म्हणतो, बाई, माझी बहीण येईल आता न्यायला. तुम्ही जा."

रॉयसमामा सेहेचाळीस वर्षांचा होता. याच कॉलेजकडून, याच जागेवर खेळलेला.

"तुला कधी डोक्याला लागलं तर लपवणार नाहीस ना?"

"नाही, मा."

"माझी शपथ घे."

"तुझी शपथ."

फोन खिशात ठेवून तो टेबलाकडे परतला. बो टॅकेटला म्हणाला, "मी नाही चुकणार. खरी देणार परीक्षा."

"डोकं फिरलंय तुझं! एक चांगली धडक बसली की घरी बसवतील. वर्षभर मर मर मेलास ते कशासाठी?"

"बसवू देत."

"मग आमच्या मॅच घरी टीव्हीवर बघत बस. सोफ्यावर!" बो चिडून म्हणाला आणि निघून गेला.

दोन वाजता जेरल संगणकासमोर बसला. इतका जीव तोडून त्याने शाळेतसुद्धा कधी परीक्षा दिली नव्हती. शब्द आले तसे त्याने ओठ हलवत घोकले आणि विचारले तेव्हा बाराच्या बारा लिहिले. लाल दिसताच बोट कळेवर. घाई नाही, आळस नाही. शेवटचा पडदा बंद झाला तेव्हा त्याने सुस्कारा सोडला. आईला तोंड दाखवता येईल, एवढं त्याला पुरेसं होतं.

संध्याकाळच्या सरावात तो पिसाटासारखा खेळला. कोच हार्गिसनी टाळ्या वाजवल्या. "असाच खेळ, रफिन! असाच!"

सराव संपल्यावर मिस पेटवेचं बोलावणं आलं. खेळाडूंची दुखणी-खुपणी बघणारी ही बाई कुणाची भीड ठेवत नसे. जेरलने आधी भलतंच दार उघडलं, आतल्या झाडू-बादल्या बघून स्वतःशीच हसला आणि मग तिच्या खोलीत गेला.

तिच्या हातात त्याच्या निकालाचा कागद होता.

"बस. एकोणीस वर्षं हे काम करतेय मी, जेरल. कोण मुद्दाम चुकतं ते मला कळतं. दरवर्षी दहा-बारा दिवटे असतातच. तुझा तो टॅकेट आहेच त्यात."

"मिस पेटवे, मी..."

"मधे बोलू नकोस. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती मला." ती रागावली होती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू दडत नव्हतं. "अरे, फसवायचं तर जरा बेतानं तरी फसवावं! बारांपैकी दोन शब्द बरोबर? बाकीचे दहा तर यादीत नव्हतेच! टॅकेटलासुद्धा तुझ्या तिप्पट गुण आहेत. इतकं वाईट खरोखर कुणाला जमणारच नाही."

तिने कागदाचे दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"उद्या सकाळी पुन्हा बस. आणि या वेळी मनापासून दे."