तिसऱ्या सेटची माती

टेनिस सामन्याच्या तिसऱ्या सेटसाठी माती निवडायची पाळी शाल्मलीची होती. पडद्यावर दोनच पर्याय होते, मऊ लाल माती किंवा टणक हिरवी. बटण दाबलं की कोर्टाखालचा विद्युतप्रवाह मातीची रचनाच बदलायचा.

"हिरवी घे," तिचे प्रशिक्षक मांडके सर तिच्या कानातल्या यंत्रातून म्हणाले. "तिच्यावर पाय घसरत नाही, अडकतो. युगंधराचा गुडघा टिकणार नाही."

जाळ्यापलीकडे तिची प्रतिस्पर्धी युगंधरा गुडघ्यावरची पट्टी आवळत होती. अकादमीत दोघी एकाच खोलीत राहिल्या होत्या. शाल्मलीने हिरवी निवडली.

लाल कोर्ट बघता बघता हिरवट झालं. युगंधरा लंगडत खेळत राहिली. शाल्मली मॅच पॉइंटला पोचली, आणि चेंडू आखूड आला. युगंधरा पार मागे होती.

"जाळ्यालगत टाक!" सर ओरडले.

शाल्मलीने रॅकेटवरची पकड हलकी केली. तेवढ्यात युगंधराचा दुखरा पाय पुढे पडताना तिला दिसला. युगंधरा कुठलाच चेंडू सोडत नसे. ऐनवेळी शाल्मलीने तो सरळ तिच्याकडेच मारला आणि युगंधराने तो कोपऱ्यात परतवला. त्यानंतर शाल्मलीने एकही चेंडू जाळ्यालगत टाकला नाही. सेट गेला, सामनाही गेला.

हस्तांदोलन करताना युगंधरा म्हणाली, "तो चेंडू जाळ्याजवळ टाकायचा होतास."

"तू धावली असतीस."

"धावलेच असते. पण माती निवडताना नाही आठवलं तुला हे?"

शाल्मलीने युगंधराचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दोघी हळूहळू कोर्टाबाहेर निघाल्या.