शनिवारचं झाकण

"आज सगळे कप्पे रिकामे निघाले, तर खोली तुमची!" संशोधक बाई चपला काढता काढता म्हणाल्या. छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने खिशातून गोळ्यांची डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

मनाच्या आजारातून सावरलेली माणसं थोड्या आधारावर एकटी राहू शकतात का, हा बाईंच्या अभ्यासाचा विषय. त्यासाठी त्यांच्या केंद्राने खोल्या घेतल्या होत्या. बाइंडरला मिळायची ती छापखान्याच्या मागेच होती, खिडकीशी टेबल मावेल एवढी. अट एकच, औषध स्वतःचं स्वतः घ्यायचं. रविवारी बाई घरी येऊन त्याची सात कप्प्यांची डबी तपासायच्या. मग तो केंद्रात जाऊन ती पुन्हा भरून आणायचा.

आणि दर खेपेला एखादी गोळी उरलेली निघायची.

"घेतली होती हो! पाण्याचा घोटसुद्धा आठवतोय," तो कळवळून सांगायचा. पण डबी कशी खोटं बोलेल? पुस्तकाचं पान न् पान जुळवणारा माणूस तो, आणि त्याचंच डोकं त्याला दगा देत होतं. स्वतःची भयंकर चीड यायची त्याला.

आई मात्र कधी रागावली नाही. "जाऊ दे रे राजा, मी आहे ना," म्हणायची. घरात ही दोघंच. आईला काही टाकवायचं नाही. फुटक्या चष्म्यापासून त्याच्या उरल्यासुरल्या औषधांपर्यंत सगळं कपाटात.

या खेपेला त्याने डोळ्यांत तेल घातलं होतं. डबी दिवसभर खिशात, रात्री उशाशी. केंद्रात गोळ्याही नव्या मिळाल्या होत्या, हळदीसारख्या पिवळ्या. "यांना कावीळ झालीय की काय?" असं त्याने सिस्टरना हसवलंही होतं.

बाईंनी झाकणं उघडायला घेतली. रविवार रिकामा. सोमवार रिकामा. शुक्रवारपर्यंत सगळं चोख.

"शाब्बास!"

आईने चहाचे कप ठेवले. "एकटा नीट जेवेल का हो हा? शेवटी घर ते घर."

"आई, एवढं एकदा होऊ दे गं."

बाईंनी शनिवारचं झाकण उचललं आणि त्यांचा चेहरा पडला. "राहिलीच की हो एक."

"अरे देवा!" आई म्हणाली. "जाऊ दे राजा. मी आहे ना."

त्याला रडूच कोसळलं. बाहीने डोळे पुसत त्याने डबी पुढ्यात ओढली.

आतली गोळी पांढरी होती.