दुसरी मंजुरी

जुनी सिस्टीम नव्या सिस्टीमला जोडणाऱ्या कोडमधल्या प्रत्येक बदलाला आमच्याकडे दोन मंजुऱ्या लागतात. पहिली माझी, दुसरी काकांची. काका, म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर, पान उलटावं तसं बोट चाटून एंटर दाबायचे. शी! तोंडात कायम लवंग आणि कीबोर्ड हा असा चिकट.

काका वारले तेव्हा तो कीबोर्ड मी चिमटीत धरून कचऱ्यात टाकला. त्यांचं लॉगिनही मीच बंद केलं.

आज भर दुपारी शेजारची टेस्टर म्हणाली, "अरे, काकांची मंजुरी आली."

"काहीतरीच काय!"

मी खाली पाहिलं. माझं एंटरचं बटण थुंकीने चकाकत होतं.

टेस्टरने खुर्ची मागे ओढली. "आधी ते बोट काढ तोंडातून."

बोटाला लवंगेची चव होती.