आज आधी बोट

आजोबांचा पलंग पुसून झाला होता, तरी सिस्टर पुसतच राहिली.

"पुरे आता," कोविड वॉर्डमधले मामा म्हणाले. "रंग निघेल पलंगाचा."

एरवी ती हसली असती. आज तिने फडकं बादलीत टाकलं. दुपारी आजोबा गेले होते. दोघांनी मिळूनच त्यांना पिशवीत ठेवून चेन ओढली होती आणि आता हा पलंग पुढच्या पेशंटची वाट बघत होता.

दारात इन्चार्ज सिस्टर उभ्या होत्या. "बायकांच्या खोलीत त्यांची बायको आहे ना? तिला आज काही बोलू नकोस. ऑक्सिजन आत्ता कुठे सुधारतोय. कळलं तर हाय खाईल."

"विचारलं तर?"

"विचारणारच. सांग काहीतरी."

काहीतरी सांगणं आताशा तिच्या अंगवळणी पडलं होतं. आईलाही ती फोनवर असंच सांगायची, मजेत आहे गं, काम काही फार नाही.

आजी जाग्याच होत्या. सिस्टरने आत जाऊन त्यांचं बोट ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यात घातलं आणि ती यंत्राकडे बघत उभी राहिली.

"आमचे कसे आहेत?" नळीच्या मास्कमधून आजींनी विचारलं.

"झोपलेत."

"जेवून?"

"हो."

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाय आखडून घेतले, तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. पायथ्याशी जागा झाली. "बस."

"कामं पडलीयेत, आजी."

"बस म्हणते ना."

ती टेकली. अंगातला प्लॅस्टिकचा झगा करकरला.

"रोज दारातूनच त्यांची खबर देत येतेस," आजी दम खात म्हणाल्या. "काय कुरकुर केली, कुणावर डाफरले. आज आधी बोट धरलंस."

सिस्टरचा घट्ट बसवलेला चष्मा आतून भरून आला. पुसायची सोय नव्हती. समोरच्या आजी आधी धूसर झाल्या, मग दिसेनाशाच झाल्या.

"जवळ कोण होतं?"

"मी."

"काही बोलले?"

"तुमचं नाव घेतलं. दोनदा."

आजी रडल्या नाहीत. त्यांचा हात चाचपडत आला आणि झग्यावरून सिस्टरच्या पाठीवर फिरत राहिला, लेकराला थोपटावं तसा. बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजत गेली.

तेवढ्यात यंत्र टुकटुक करू लागलं. आकडा घसरत होता. सिस्टर ताडकन उठली, अंदाजानेच तिने ऑक्सिजनची चावी फिरवली, आजींच्या पाठीखाली हात घालून त्यांना बसतं केलं.

"आजी, श्वास घ्या. लांब. माझ्याकडे बघा. घ्या श्वास."

आजींनी घेतला. अर्धाच. डोळे तिच्यावरच होते.

"तूही घे गं," त्या म्हणाल्या.