शुद्धलेखन

परीक्षित जन्मला इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला, पण मराठीची घमेंड केवढी! तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकला होता ना. नागपूरहून लग्न करून आणलेल्या अक्षयाला तो धमक्यासुद्धा मराठीतच द्यायचा, शेजारच्या गोऱ्यांना कळायला नकोत म्हणून. तिचा व्हिसा आपल्या सहीवर आहे, हे तर उठता-बसता ऐकवायचा.

त्या दिवशी चहा ढोसत तो म्हणाला, "तुझी नागपूरची फ्लॅट माझी नावावर कर. नाहीतर मी होम ऑफिसला सांगणार, आपला लग्न खोटा आहे. मग जा परत."

सात वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या अक्षयाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुझं मराठी कळतच नाही रे. लिहून दे. येतं ना लिहिता?"

हे असलं झोंबलं, की पठ्ठ्याने पानभर धमकी लिहून काढली आणि खाली झोकात सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी तो कागद पोलिसांच्या टेबलावर ठेवत अक्षया म्हणाली,

"लाल शाईतल्या दुरुस्त्या माझ्या आहेत, राहवलं नाही. बाकी सगळं त्याचं. सहीसकट."