आवाज माझा नाही

"आवाज माझा नाही," घड्याळवाले काका तिसऱ्यांदा म्हणाले. कानावरचा हेडफोन काढून त्यांनी तो जपून टेबलावर ठेवला.

तक्रारींच्या खिडकीवरच्या बाईने फॉर्मवर तसं लिहून घेतलं. लोकांच्या क्रेडिट रिपोर्टमधल्या चुका निस्तरणं हे तिचं काम. कुणाचं फिटलेलं कर्ज तसंच उभं दिसायचं, तर कुणी धडधाकट माणूस कागदावर मेलेला असायचा. येणारा प्रत्येकजण आधी तिच्यावर डाफरायचा, जणू चूक तिनेच घरी बसून विणली होती. काका मात्र कधी आवाज चढवत नसत. म्हणूनच त्यांच्यासाठी तिचा जीव तुटायचा.

काकांच्या नावावर तीन वर्षांपूर्वीचं मोटरसायकलीचं कर्ज निघालं होतं. अकरा हप्ते अगदी तारखेला भरलेले, मग एकाएकी बंद. त्या थकबाकीचा डाग असा बसला होता की आता त्यांना कर्जासाठी कोणी दारात उभं करत नव्हतं. आणि काकांना हवं तरी काय होतं? बायकोसाठी कानाचं मशीन, हप्त्यावर.

"मी साध्या सायकलवरून तीनदा पडलोय," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "मला मोटरसायकल कोण देईल?"

चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि काकूंचे कान गेले. "आता घरात आम्ही दोघंच," काकांनी सांगितलं. "तिला ऐकू येत नाही, मला बोलवत नाही. भांडण म्हणून नाही बघा घरात."

ती हसली होती. काकाही हसले होते, पण जरा उशिराने.

कर्ज देणाऱ्या कंपनीने पुरावा म्हणून फोनवरचं बोलणं पाठवलं होतं. तक्रारदाराने ते सबंध ऐकायचं आणि मगच सही करायची, असा नियम. त्यात कंपनीची मुलगी नाव, पत्ता, जन्मतारीख विचारते. एक पुरुष घसा खाकरून, आवाज ओढूनताणून जाड करत सगळं बिनचूक सांगतो. शेवटी ती विचारते, "हप्ते वेळेवर भराल ना?" आणि तो हसतो. "भरतो हो. पळून कुठं जाणार मी?"

"चोर तो चोर, वर शिरजोर!" खिडकीवरची बाई चिडून म्हणाली. "जन्मतारीखसुद्धा पाठ आहे मेल्याला."

"असं नका म्हणू," काका म्हणाले.

भला माणूस, चोराला शिवी दिलेलीही खपत नाही, असं तिच्या मनात आलं.

कंपनीने दोनदा तक्रार फेटाळली होती. दर वेळी नवा फॉर्म, दर वेळी पुन्हा ऐकणं. काका डोळे मिटून, घड्याळ कानाला लावतात तसा हेडफोन हाताने दाबून धरत. "परत एकदा लावता?" म्हणत. टिकटिक ऐकून दोष ओळखणारा कान तो, काहीतरी नेमकं पकडेल अशी तिला आशा होती. पण काका दर वेळी तेवढंच सांगत, आवाज माझा नाही.

"याची कॉपी मिळेल का, ताई?"

"नाही हो, नियमात बसत नाही. इथे बसून हवं तितक्या वेळा ऐका."

"बरं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आणि ते थकलेले पैसे मीच भरून टाकले तर?"

"दुसऱ्याचं कर्ज तुम्ही का म्हणून फेडायचं? भरलेत तर ते तुमचंच ठरेल. मशीन हवंय ना काकूंना? मग थांबा, मी बघते."

काकांनी मान खाली घालून सही केली.

ती कंपनीच्या हात धुऊन मागे लागली. काकांच्या आवाजाचा नमुना पाठवला, सही पाठवली, त्यांच्याकडे गाडीचा परवानाच नाही हे कळवलं. साहेबांच्या टेबलापुढे दोनदा ठाण मांडून बसली. अखेर कंपनीने चूक मान्य केली.

शेवटच्या फॉर्मवर खाली एक चौकोन असतो. प्रकरणातले सर्व कागद आणि ध्वनिमुद्रण कायमचं नष्ट करावं, असा. बहुतेकजण तो मोकळा सोडतात आणि सहा महिन्यांनी तीच चूक पुन्हा डोकं वर काढते. काकांवर ती वेळ यायला नको. कुणी सांगितलं नव्हतं तरी तिने तिथे खूण केली.

सगळं पार पडल्यावर तिने स्वतः फोन केला. "काका, रिपोर्ट एकदम स्वच्छ!"

"म्हणजे मशीन मिळेल?"

"मिळेल की."

"मग हिला घेऊनच येतो तुमच्याकडे," काका म्हणाले.

महिन्याभराने दोघं आले. काकांचा शर्ट कडक इस्त्रीचा, काकूंचे कपडे ठेवणीतले. काकूंच्या कानामागे नवंकोरं मशीन होतं. कुणाची खुर्ची सरकली तर त्या दचकल्या आणि मग स्वतःशीच हसल्या. ते पाहून खिडकीवरच्या बाईला भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे दिवस तिच्या वाट्याला चारदोनच आले होते.

"ऐकू येतं ना काकू?"

"सगळं येतं बाई. जगात इतका गोंगाट असतो हे विसरलेच होते मी."

काकांनी टेबलावरच्या हेडफोनकडे पाहिलं. "ताई, ते रेकॉर्डिंग लावता एकदा? हिच्यासाठी."

"ते आता कुठलं!" ती हसून म्हणाली. "मुळासकट पुसून टाकलं मी. इथलंही आणि कंपनीतलंही. त्या चोराचा आता मागमूस नाही राहिला."

काकांनी टेबलाची कड धरली.

काकू मशीनचं बटण फिरवण्यात गुंतल्या होत्या. हे बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. आवाज पुरेसा वाढवून झाल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"हं, लाव गं पोरी," त्या म्हणाल्या. "आधी माझे कान गेले, मग दोन वर्षांनी पोरगाच गाडीवरून गेला. हे सांगत होते, त्याचा आवाज तेवढा तुझ्याकडे राहिलाय."